जाहीर इशारा : बाकी १२७ तास ५४ मिनिटं

प्रति,
कर्ज, क्रेडिट कार्ड, प्लॉट, विमा, शेअरच्या टिप्स आणि न काढलेल्या लॉटरीची बक्षिसं घेऊन आमच्या फोनवर येणारे सर्व संबंधित. त्यांना आमच्या नंबरांच्या याद्या विकणारे. आणि त्या याद्या विकत घेऊन पोरापोरींच्या हाती देणारे चालक-मालक.

विषय : माणसाच्या वेळेची नासाडी तात्काळ थांबविणेबाबत. शेवटची नोटीस.

उपरोक्त विषयान्वये आपणास कळविण्यात येते की, ही नोटीस प्रसिद्ध झाल्यापासून सात दिवसांच्या आत आपण आपल्या याद्यांतून आमचे नंबर वगळावेत. मुदतीत खुलासा प्राप्त न झाल्यास आपले काही एक म्हणणे नाही असे गृहीत धरून एकतर्फी कार्यवाही करण्यात येईल, व आमचा वाया गेलेला वेळ आपणाकडून जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल केला जाईल. मागाहून कोणतीही सबब ऐकून घेतली जाणार नाही, याची नोंद घ्यावी.

ही भाषा मला कुठून शोधून आणावी लागली नाही. भंडारा जिल्ह्यातल्या एका तहसील कार्यालयात तेहतीस वर्षं मी ती रोज लिहिली. कनिष्ठ लिपिक म्हणून लागलो, अव्वल कारकून म्हणून बाहेर पडलो. तुम्हाला वाटतं की तुम्ही माझा वेळ खाता. बाळांनो, वेळ खाणं म्हणजे काय हे तुम्ही अजून पाहिलेलंच नाही.

आधी कारण सांगतो. नोटिशीत कारण नमूद नसलं तर ती अपिलात टिकत नाही.

डिसेंबर २०२४. साकोली तालुक्यात, आमच्या गावच्या मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलावाखाली माझ्या दीड एकर धानाच्या बांध्या आहेत. त्या साली भारी धान झालं, पंचावन्न कट्टे, म्हणजे बावीस क्विंटल. धान खरेदी केंद्रावर नोंदणी झाली होती. धान काट्यावर कधी आणायचं त्याचा मेसेज येईल, असं सांगितलं होतं. मेसेज आला. पण त्या दिवशी आलेल्या सत्तावीस मेसेजांतला तो एकोणिसावा होता. त्याच्या वर माझं पाच लाखांचं कर्ज मंजूर झालं होतं, खाली मला कुणीतरी रमी खेळायला बोलावत होतं, आणि मध्ये एक बाई माझ्यासारख्या निवडक ग्राहकांसाठी दातांच्या तपासणीवर सूट देत होती. माझे निम्मे दात पंचायत समितीच्या शिबिरातच गेलेले आहेत, हे तिला कोण सांगणार? रोज यायचा तो कचरा समजून मी सगळं एकदम पुसून टाकायच्या बेतात होतो. नातवाने चौथ्या दिवशी फोन हातात घेतला तेव्हा तो मेसेज सापडला. तारीख होऊन गेली होती. त्याच रात्री आभाळ भरून आलं. अंगणात कट्ट्यांवर ताडपत्री, ताडपत्रीवर विटा आणि माझा जीव टांगणीला. दुसऱ्या दिवशी व्यापारी दारात आला. साधारण धानाचा हमीभाव त्या हंगामात २,३०० रुपये होता. त्याने क्विंटलमागे तीनशे कमी सांगितले. मी कट्टे दिले.

चावडीवर एक जण म्हणाला, "मेसेज पाहा लागते ना जी!"

मी काही बोललो नाही. कारण तेहतीस वर्षं काउंटरच्या अलीकडून मी हेच सांगत आलो होतो. नोटीस बोर्डावर लावली होती, तुम्ही पाहिली नाही. आमचा काय दोष?

असो. नुकसान बावीस गुणिले तीनशे, म्हणजे ६,६०० रुपये. ते कुणाकडून मागायचं? ज्या सव्वीस मेसेजांनी माझा एक मेसेज गाडला त्यांच्याकडून. ते पैसे देणार नाहीत हे मला कळतं, पण त्यांच्याकडे पैशाहून महाग एक वस्तू आहे. तीच मी घ्यायची ठरवली. २०२५-२६ चा महाराष्ट्राचा रोजगार हमीचा मजुरीचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. आठ तासांचा दिवस धरला तर तासाला ३९. माझ्या वेळेला याहून जास्त दर लावायचा मला अधिकार नाही, कमी लावायचा तुम्हाला नाही. ६,६०० भागिले ३९ केले की १६९ तास १४ मिनिटं येतात. ही तुमच्याकडची मूळ मागणी.

वसुलीसाठी वही केली आहे. महसुलात गावाचे नमुने एक ते एकवीस असतात, म्हणून वहीच्या पुठ्ठ्यावर 'गाव नमुना बावीस' असं लिहिलं. अनुक्रमांक, दिनांक, सुरुवात, शेवट, मागणीचा प्रकार, वसूल मिनिटं, शेरा. शेऱ्याचा रकाना मुद्दाम रुंद ठेवला. 'स्वतःहून ठेवला.' 'वरिष्ठांकडे वर्ग केले, वरिष्ठही दमले.' 'पुन्हा फोन करणार नाही असे तोंडी आश्वासन.' 'आईची शपथ घेतली.' आजपर्यंत वसूल ४१ तास २० मिनिटं. बाकी वर दिली आहे.

वसुली कशी होते ते आता सांगतो. एरवी आपली पद्धत कुणी विरुद्ध पक्षाला सांगत नाही, पण माझ्या पद्धतीची गंमतच ही की ती माहीत असूनही तुम्हाला तिच्यावर उपाय नाही.

परवाची नोंद घ्या. दुपारी दोन दहा. मुलगा उत्साही होता.

"सर, नागपूरला उमरेड रोडवर आपला नवीन लेआउट आहे. फक्त चोवीस हप्ते."

"मौजा कोणता?"

"सर, मेन रोड टच आहे."

"मौजा सांगा. आणि पटवारी हलका नंबर."

"सर, मी लोकेशन व्हॉट्सॲप करतो ना."

"करा. खसरा नंबर?"

कागद चाळल्याचा आवाज आला. कुणाला तरी हळूच विचारलं गेलं. मी थांबलो. थांबणं हे माझं आयुष्यभराचं कौशल्य आहे.

"सर, खसरा... तो साइट व्हिजिटला सांगतात."

"बरं. भोगवटादार वर्ग एक की दोन?"

"एकदम फर्स्ट क्लास, सर!"

"चतुःसीमा सांगा. उत्तरेस काय?"

"उत्तरेला... गार्डन येणार आहे."

"येणार ते नको, आज काय आहे ते सांगा. दक्षिणेस?"

"रस्ता, सर."

"पूर्वेस?"

इथे तो गप्प झाला.

"पूर्वेस नाला तर नाही ना?"

बऱ्याच वेळाने अगदी वेगळ्या, घरच्या आवाजात त्याने विचारलं, "काका, तुम्ही काय करता?"

"महसुलात होतो."

फोन बंद. अकरा मिनिटं वसूल. शेरा : 'पूर्वेस नाला असावा.'

कर्जवाल्यांसाठी वेगळी रीत आहे. कर्ज मंजूर झालं म्हणून अभिनंदन आलं की मी अतिशय आनंदाने अर्ज स्वीकारतो. अर्ज कोण कुणाला करतंय यात थोडा घोळ होतो, पण तो मी होऊ देतो. "आपला प्रस्ताव मिळाला. तो साध्या कागदावर आहे की छापील? त्यावर दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावलं का? नाही लावलं? मग त्रुटीत ठेवावा लागेल." त्रुटी दूर करायला तो तयार झाला की साहेब दौऱ्यावर असतात. साहेब आले की मीटिंगला बसतात. मीटिंग सुटली की जेवणाची सुट्टी होते, आणि ती सुट्टी म्हणजे फोन खिडकीत रेडिओशेजारी ठेवून मी खरंच जेवतो. वांग्याची भाजी, भात, वरून ताक. एकदा एक जण अठरा मिनिटं थांबला होता. त्या पोराचं मला कौतुक वाटलं. आमच्या ऑफिसात असता तर कुठल्या कुठे गेला असता.

"एवढं बसवतं कसं तुम्हाला?" असं लोक विचारतात. आमच्या भागातल्या माणसाला हा प्रश्न पडू नये. मंडईच्या दिवसांत झाडीपट्टीचं नाटक रात्री उशिरा उघडतं आणि पहाटे कोंबडा आरवल्यावर पडदा पडतो. थंडीत, तणसावर बसून, मांडीवर झोपलेलं पोर सांभाळत आम्ही ते शेवटपर्यंत पाहतो आणि वर म्हणतो की तिसऱ्या अंकात जरा घाई केली. भारी धानाला साधारण १४० दिवस लागतात. जाहिरातीच्या फोनसाठी सरकारने जे नंबर ठरवून दिले आहेत तेही १४० नेच सुरू होतात. हा योगायोग मी तुमच्या लक्षात आणून देतो. पऱ्हे टाकल्यापासून पुंजणे रचेपर्यंत आभाळाकडे पाहत बसणारी ही माणसं आहेत. तुमच्या तीन मिनिटांच्या पाठ केलेल्या मजकुराला ती काय दमणार?

आणि हा नुसता टवाळपणा आहे असं समजू नका. याला शास्त्राचा आधार आहे. २०१२ साली मायक्रोसॉफ्टमधल्या कॉर्मॅक हर्ली या संशोधकाने एक साधा प्रश्न विचारला. नायजेरियाचा राजपुत्र, करोडोंचा वारसा, अशुद्ध भाषा, इतकं उघड खोटं हे लोक का लिहितात? त्याचं उत्तर असं की ते मुद्दाम लिहितात. एक मेल लाखांना पाठवायला खर्च जवळजवळ शून्य, पण जो उत्तर देईल त्याच्याशी पुढे गोड बोलत बसायला खरा माणूस आणि खरे तास लागतात. म्हणून पहिल्याच ओळीत असं काही लिहायचं की शहाणा हसून बाजूला होईल आणि फक्त भोळा उरेल. शहाण्यावर वेळ गेला तर धंदा बुडतो. वाचून मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं : 'यांचं भांडवल पैसा नाही, वेळ आहे. जप्ती तिथेच आणावी.' इंग्लंडात ओटू नावाच्या फोन कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये हेच यंत्राकडून करून घेतलं. डेझी नावाची संगणकातली आजी. ठगाचा फोन आला की ती आपल्या मांजराबद्दल आणि विणकामाबद्दल बोलत राहते. चाळीस चाळीस मिनिटं तिने माणसं अडकवली म्हणतात. चाळीस! माझ्या थोरल्या वहिनीला फोन द्या. तिने नुसतं "तुम्ही कोणाचे, तुमची आई कुठली" इथून सुरुवात केली तर आमगावच्या मामेसासऱ्याच्या धाकट्या लेकीच्या लग्नात पंगतीला पुरणपोळी कमी पडली तिथपर्यंत यायलाच तासभर जातो. ती यंत्र नाही आणि तिला वीज लागत नाही.

आता कायद्याकडे वळतो. माझ्या आवडीचा भाग हाच आहे, तो कुणी वाचत नाही हेही मला सवयीचं आहे.

नको असलेल्या फोनांसाठी या देशात पहिलं राष्ट्रीय रजिस्टर २००७ साली आलं. मग ट्राय या दूरसंचार नियामकाने २०१० ची नियमावली काढली, ती २७ सप्टेंबर २०११ पासून लागू झाली. एका सिमवरून दिवसाला शंभरच मेसेज अशी मर्यादा घातली आणि लवकरच ती दोनशे करावी लागली. परिपत्रक काढायचं आणि शाई वाळायच्या आत शुद्धिपत्रक काढायचं, ही रीत पाहून मला घरी आल्यासारखं वाटलं. २०१८ ला तिसरी नियमावली आली. तिची दुरुस्ती १२ फेब्रुवारी २०२५ ला झाली, आणि ही मात्र दात असलेली आहे. साध्या दहा आकडी नंबरावरून जाहिरातीचा फोन करायला बंदी आहे. जाहिरात १४० वरून, आणि बँक वगैरेंचे कामाचे फोन १६०० वरून. आधी तीन दिवसांत तक्रार करावी लागे, आता सात दिवस मिळतात. नोंदणी नसलेल्या नंबराविरुद्ध दहा दिवसांत पाच तक्रारी गेल्या तरी कारवाई सुरू होते, पूर्वी सात दिवसांत दहा लागायच्या. फोन कंपनीने पाच दिवसांत पाऊल उचलायचं, पूर्वी तीस होते. पहिल्या गुन्ह्याला पंधरा दिवस बाहेर जाणारे फोन बंद. पुन्हा केलात तर वर्षभर सगळ्याच लाइनी बंद आणि काळ्या यादीत नाव. मेसेज पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी आता एक अक्षर लागतं : जाहिरातीला पी, सेवेला एस, व्यवहाराला टी, सरकारी असेल तर जी. हे जी आमच्या त्या डिसेंबरात असतं तर पंचावन्न कट्टे काट्यावर गेले असते. मी हे तक्रारीच्या सुरात सांगत नाही. माझ्या हातून निघालेले आदेशही पेरणी झाल्यावरच पोहोचायचे.

तेव्हा आमच्या जिल्ह्यातल्या लोकांना सांगतो. १९०९ ला फोन करा, किंवा इंग्रजीत स्टार्ट लिहून, जागा सोडून शून्य टाकून त्याच नंबरला मेसेज पाठवा. सगळ्या जाहिराती बंद करण्याची नोंद होते. तरी फोन आला तर त्याच १९०९ ला तक्रार. पाच तक्रारी म्हणजे काय? एका घरात सासू, सून, मुलगा, नातू आणि शेजारी. भंडारा, मोहाडी, तुमसर, साकोली, लाखनी, लाखांदूर, पवनी, असे सात तालुके आहेत आपले. धानाच्या बोनससाठी रस्त्यावर बसतो तेवढी एकी इथे केली तर हे लोक आठवडाभर टिकायचे नाहीत. पण खरं सांगू का, तक्रार करायला चार मिनिटं लागतात, म्हणून कुणी करत नाही, आणि याच चार मिनिटांवर या लोकांचा संसार चालतो.

ईमेलबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तिथे मी हरलो आहे. पुण्याच्या मुलाने पत्ता काढून दिला. पहिल्याच महिन्यात परदेशातल्या एका विधवा बाईने तिची सगळी इस्टेट माझ्या नावे केली. मी रीतसर उत्तर दिलं : मयताच्या वारसांचा तपशील, मृत्यू दाखला आणि दोन प्रतिष्ठित पंचांसमक्ष केलेला पंचनामा सादर करावा. मला वाटलं, ती दमेल. झालं उलटंच. उत्तर गेलं म्हणजे या पत्त्यावर जिवंत माणूस आहे हे त्यांना कळलं, आणि पंधरवड्यात मला सहा विधवा, दोन सेनापती आणि एक तेलाची विहीर मिळाली. मेलला गंमत करायची नाही. उत्तर द्यायचं नाही, त्यातल्या दुव्यावर बोट ठेवायचं नाही, स्पॅमच्या डब्यात ढकलायचं आणि आपल्या कामाला लागायचं. या कचऱ्याचा मूळ पुरुष गॅरी थुर्क नावाचा अमेरिकन विक्रेता मानतात. ३ मे १९७८ ला त्याने कंपनीच्या नव्या संगणकाची जाहिरात सुमारे चारशे जणांना एकदम पाठवली. नेटवर्क सांभाळणाऱ्यांनी त्याची चांगली खरडपट्टी काढली. त्याच्यानंतर मात्र कुणी कुणाची खरडपट्टी काढायला शिल्लक राहिलं नाही.

पुढचा परिच्छेद गंमतीचा नाही.

जो स्वतःला पोलीस, सीबीआय, कस्टम किंवा कोर्ट म्हणवतो, त्याच्याशी माझ्यासारखी मजा करायला कुणी जाऊ नये. तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले, व्हिडिओ कॉल बंद करायचा नाही, घरच्यांना सांगायचं नाही, ही भाषा ऐकली की फोन ठेवा. डिजिटल अटक नावाची गोष्ट या देशाच्या कायद्यात नाही. आयुष्यभर माणसांना नोटिसा पाठवलेला माणूस सांगतोय : सरकार इतक्या तत्परतेने घरी येत नाही. पैसे गेले असतील तर लाजू नका, त्याच क्षणी १९३० ला फोन लावा, कारण तिथे एक तास उशीर म्हणजे पैसा चार खात्यांतून फिरून गेलेला असतो. पैसे गेले नसतील, नुसता संशय असेल, तर संचार साथी या सरकारी संकेतस्थळावर चक्षू नावाची सोय आहे, तिथे नंबर कळवा. ओटीपी कुणालाही द्यायचा नाही, जावयालाही नाही. ही माणसं कुठल्या दूरच्या देशातलीच असतात असंही नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर धाड टाकली, तेव्हा रात्रभर अमेरिकन आवाज काढून अमेरिकेतल्या म्हाताऱ्यांना करखात्याची भीती घालणारी आपलीच पोरं सापडली. सातशेहून अधिक जण त्या रात्री ताब्यात घेतले गेले. अमेरिकेतल्या आजोबांना लुटायला मीरा रोडवरून फोन जात होता. साकोलीच्या आजोबांना लुटायला आणखी कुठून तरी येतो, एवढाच फरक.

आणि शिव्या. आमच्या लोकांना हाही इशाराच समजावा. फोनवर असते ती पोरगी मालक नसते. तिच्यासमोर एक पडदा असतो, त्यावर एकामागून एक नंबर आपोआप लागत असतात, मागे एक जण तास मोजत उभा असतो. तिला आई-बहिणीवरून बोलून यादीतली तुमच्या नावापुढची खूण पुसली जात नाही. वहीत एक नोंद आहे, ती इथे लिहावी की नाही यावर दोन दिवस विचार केला.

क्रेडिट कार्ड होतं. तिने हिंदीत सुरुवात केली, मी नेहमीप्रमाणे हिंदीतच साहेबांना मीटिंगला पाठवलं. ती हसली आणि अभावितपणे म्हणाली, "काहून जी?"

मी विचारलं, "कुठली ग तू?"

पवनी तालुका. नागपूरला एका खोलीत चौघी राहतात. पगार मिळतो, टार्गेट झालं तर थोडा जास्त. रोवणीला सुट्टी मिळाली नाही म्हणून बापाने मजूर लावले. मी म्हटलं, बरं, आणि थोडी फुशारकी म्हणून तहसिलीत होतो असं सांगितलं. तिकडे दोन क्षण शांतता. मग ती म्हणाली, "काका, आमचा एक फेरफार अडकून आहे. आजोबा गेले, वारसांची नोंद टाकली, दोन वर्षं झाले. बाबा गेले की उद्या या म्हणतात."

उद्या या.

मी खुर्चीत सरळ बसलो. नोंद टाकली की हितसंबंधितांना नोटीस जाते, पंधरा दिवसांत आक्षेप आला नाही तर मंडळ अधिकाऱ्याने ती प्रमाणित करायची. दोन वर्षं लागतात म्हणजे कुणीतरी आक्षेप घेतला आहे आणि बापाला सांगितलेलं नाही. "कुणी काका, आत्या?" "मोठे काका आहेत जी." "मग ती तक्रारी नोंद झाली. नमुना सहा-अ मध्ये गेली असेल. बाबांना सांग, सहा-अ चा उतारा मागा, लेखी मागा, पोच घ्या. सुनावणीची तारीख लावा म्हणून मंडळ अधिकाऱ्याला अर्ज द्या, आणि तोंडी कुणी काही सांगितलं तर ते कागदावर द्या म्हणा." तिने लिहून घेतलं. दोनदा वाचून दाखवलं. मागून कुणीतरी ओरडल्याचं ऐकू आलं, ती म्हणाली, "हो सर, कस्टमर इंटरेस्टेड आहे."

सव्वीस मिनिटं. वसुलीच्या रकान्यात मी ती लिहिली नाहीत. तिचा वेळ मी खाल्ला की तिने माझा, की आम्ही दोघांनी मिळून तिच्या मालकाचा, हे मला ठरवता आलं नाही. शेरा एवढाच : 'पोच मिळाल्यावर कळवते म्हणाली.'

तेव्हा चालक-मालकांनी आणि याद्या विकणाऱ्यांनी नीट वाचावं. हा इशारा फोन करायला बसवलेल्या पोरांना नाही, तुम्हाला आहे. आमचे नंबर तुमचे नाहीत. ते कुणी तुम्हाला किलोच्या भावाने विकले असतील तर ज्याने विकले त्याच्याकडून पैसे परत घ्या, ती वसुली तुमची तुम्ही करा. सातव्या दिवशी सायंकाळी सव्वासहापर्यंत, म्हणजे कार्यालयीन वेळेत, नावं वगळा. आठव्या दिवसापासून प्रत्येक दहा आकडी नंबराची नोंद १९०९ ला जाईल आणि प्रत्येक फोन नमुना बावीसमध्ये. एकशे सत्तावीस तास चोपन्न मिनिटं बाकी आहेत, मी सेवानिवृत्त आहे, निवृत्तिवेतन दरमहा वेळेवर येतं आणि आमच्या घराण्यात माणसं नव्वदी गाठतात. व्याज अद्याप आकारलेलं नाही.

प्रत :
सौ., घरी. फोन आल्यास 'ते आंघोळीला गेलेत' असे सांगून सुरुवातीची दहा मिनिटं परस्पर वसूल करणेस्तव. मात्र पवनीकडच्या मुलीचा फोन आल्यास मला आंघोळीतूनही बोलावणे.
चि. नातू. रोज सायंकाळी शेवटी जी असलेले मेसेज मोठ्याने वाचून दाखविणेस्तव.
निवड नस्ती.